शून्य नंबरचं पॅनेल

त्या आठवड्यात मला काम नव्हतं. म्हणजे काम होतं, पण ते करायला मनाई होती. मशीन रूमच्या कोपऱ्यात एक खुर्ची ठेवली होती, तिच्यावर सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा नुसतं बसायचं. कशाला हात लावायचा नाही, कुणाला काही सुचवायचं नाही. माझ्यासारख्या बाईला ही शिक्षा कुणी ठरवून दिली असती तरी इतकी नेमकी जमली नसती.

अट साहेबांची होती. "बाई, सात दिवस तुमच्याशिवाय स्विचर चालला, की आठव्या दिवशी बदलीचा कागद तुमच्या हातात. मधे तुमचा हात लागला, की विषय संपला." कागद टाइप होऊन त्यांच्या खणात पडला होता, फक्त सही राहिली होती. बदली होती ती नवऱ्याच्या गावी. तो आणि मुलगी सहा वर्षं तिथे राहत होते, आणि मी एका आड एक शनिवारी चार तास बसने जाऊन त्यांच्याकडे पाहुणी म्हणून राहत होते. मुलीने या वेळी कपाटातला एक कप्पा माझ्यासाठी रिकामा केला होता आणि फोनवर दोनदा सांगितलं होतं, "आई, वरचा नाही, मधला. तुझा हात पुरेल असा." माझ्या घरी सहा खोकी दोरीने बांधून तयार होती. सकाळचा चहासुद्धा मी स्टीलच्या पेल्यातून पीत होते, कारण कपबशा खोक्यात गेल्या होत्या.

आता स्विचर म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या दूरचित्रवाणी केंद्रात बत्तीस ठिकाणांहून चित्रं येतात आणि बत्तीस ठिकाणी जातात. कुठलं चित्र कुठे जायचं, हे ज्या पेटाऱ्यात ठरतं तो राउटिंग स्विचर. बारा खोल्यांत त्याची बटणांची बारा पॅनेल आहेत आणि ती सगळी एकाच सिरीयल लाइनवर, म्हणजे दोन तारांच्या जोडीवर टांगलेली. एका वेळी एकानेच बोलायचं, दोघं बोलले की नुसता कालवा. म्हणून पेटाऱ्यातला मायक्रोप्रोसेसर वर्गातल्या बाईंसारखी हजेरी घेतो. एक नंबर, काही सांगायचंय? नाही. दोन नंबर? नाही. तीन नंबर म्हणतो, सातवं चित्र पहिल्या आउटपुटला द्या. प्रोसेसर निरोप नीट आला का ते तपासतो, एक चित्र संपून दुसरं सुरू होण्याच्या बारीकशा फटीत जोडणी बदलतो आणि 'झालं' म्हणून उलट निरोप धाडतो. मग तीन नंबरच्या बटणातला दिवा लागतो. अशा वीस फेऱ्या एका सेकंदात. यातला अक्षर न् अक्षर प्रोग्रॅम मी लिहिलेला आहे, चौदा वर्षांपूर्वी, तिशीसुद्धा उलटली नव्हती तेव्हा.

त्यात कुलूप नावाचा एक प्रकार आहे. महत्त्वाच्या आउटपुटला चुकून कुणी धक्का लावू नये म्हणून पॅनेलवरून त्याला कुलूप घालता येतं. आणि ज्या पॅनेलने घातलं त्यानेच ते काढायचं, दुसऱ्या कुणाचं प्रोसेसर ऐकत नाही.

माझं ऐकतो.

प्रोग्रॅम तपासताना मला सगळ्यांच्या वर एक वाट हवी होती. म्हणून मी शून्य नंबर ठेवला. प्रोसेसर हजेरीत शून्याला कधी हाक मारत नाही, पण शून्याच्या नावाने निरोप आलाच तर कुलूपबिलूप न बघता मुकाट्याने ऐकतो. चिप पक्की करण्याआधी मी ते काढून टाकणार होते. त्याच आठवड्यात एका पॅनेलने कुलूप घातलं आणि ते पॅनेल मेलं. सगळे माझ्याकडे धावत आले. मी माझा संगणक लाइनला जोडला, चार अक्षरं टंकली, कुलूप उघडलं. तेव्हाचे मोठे साहेब म्हणाले, "या मुलीच्या हातात जादू आहे." मग मी ते कसलं काढतेय. मला 'किल्लीवाल्या बाई' म्हणायला लागले आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

जादू फार वर्षं करत राहिलं की जादूगारालाच पिंजऱ्यातून बाहेर पडता येत नाही. माझ्या लग्नात मला मांडवातून फोनवर बोलावलं. बाळंतपणाच्या रजेत तीनदा गाडी पाठवली. नवऱ्याला कॉलेजात नोकरी लागून तो मुलीला घेऊन गेला, तेव्हा मीही जाणार होते. माझ्या जागी एक हुशार माणूस आला होता. आम्ही त्याला चष्मेवाला म्हणायचो. मी त्याला सगळं शिकवलं. शून्य सोडून. शेवटच्या दिवशी पहिल्या आउटपुटला कुलूप घालून एक पॅनेल मेलं आणि तो अडकला. मी दारात उभी होते. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं, सगळे त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते, आणि मला बरं वाटत होतं. अकरा मिनिटं पडद्यावर काळोख होता. मग मी पुढे होऊन कुलूप उघडलं. चष्मेवाल्याच्या कागदावर 'जबाबदारीस अपात्र' असा शेरा पडला आणि त्याला डोंगरावरच्या ट्रान्समीटरवर पाठवलं. तो अजून तिथेच आहे. आणि माझी बदली रद्द झाली, कारण माझ्याशिवाय चालत नाही हे सिद्ध झालं होतं.

त्या दिवसानंतर शून्याबद्दल कुणाला सांगायची सोय उरली नाही. सांगितलं की पहिला प्रश्न येणार, मग त्या दिवशी का नाही बोललात? आणि सांगितलं नाही तर इथून सुटका नाही. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ना, मी तो पाडून वर त्यावर बसलेही होते.

या वेळी माझ्या जागी आलेल्या गृहस्थांना सगळे मौनीबाबा म्हणत. वय पंचेचाळीस, डोक्यावर मोजके केस, आणि बोलणं त्याहून मोजकं. पहिल्याच दिवशी त्यांनी एक जाड वही माझ्यापुढे ठेवली. "मॅडम, सगळं यात लिहा. जे यात नाही, ते मी करणार नाही." मी तीन महिने लिहीत होते. एकशे चाळीस पानं भरली. कुठल्या तारेला कुठला रंग, निरोपात आधी काय आणि मागून काय, उत्तर आलं नाही तर किती थांबायचं, सगळं. रात्री झोपताना मी मनाची समजूत घालायची. सात दिवसांत कुलूप अडकण्याचा प्रसंग कशाला येतोय? सात दिवस तर जाऊ देत.

सहा गेले.

सातव्या दिवशी दुपारी साडेतीनला मी घड्याळाकडे बघून मनात म्हटलं, आणखी अडीच तास. पहिल्या आउटपुटवरून, म्हणजे थेट लोकांच्या घरात, बागकामाचं रेकॉर्डिंग चाललं होतं. कुणीतरी सावकाश कलम बांधत होतं. चार वाजता ते संपणार आणि स्टुडिओतून बातम्या सुरू होणार. तीन चाळीसला बातम्यांची निर्माती धापा टाकत दारात आली.

"तीन नंबरवर चहा सांडला! पूर्ण गेलंय ते, एक दिवा लागत नाहीये."

मौनीबाबा उठले. "सांडला तेव्हा काही लावलेलं होतं?"

"कुलूप. पहिल्या आउटपुटला. मी जेवायला जाताना नेहमी लावते, कोणी खेळू नये म्हणून. चहा सांडून चार मिनिटं झाली असतील. आधी पुसत बसलो आम्ही."

मौनीबाबांनी शेजारच्या खोलीतलं सात नंबरचं पॅनेल उचलून आणलं, त्याच्या मागचे बारीक खटके सरकवून त्याचा नंबर तीन केला आणि ते लाइनला जोडलं. बरोबर केलं, अगदी वहीप्रमाणे. पण एखादं पॅनेल मिनिटभर बोललं नाही की प्रोसेसर हजेरीतून त्याचं नाव काढतो. मग त्या नंबरचं दुसरं कुणी आलं तरी हाक मारत नाही. पेटारा बंद करून चालू केला तरच नाव परत चढतं, आणि तो चाळीस सेकंद बंद म्हणजे केंद्राच्या तिन्ही वाहिन्या काळ्या. हेही वहीत होतं, पान सत्तावन्न. मौनीबाबांनी ते पान उघडलं, वाचलं आणि मिटलं.

"जोडणी हाताने नाही का बदलता येत?" निर्मातीने विचारलं.

"पूर्वी यायची," ते म्हणाले. "नूतनीकरणात ती फळी काढून टाकलीय. जागा अडते म्हणून."

एवढ्यात साहेब आले. बातमी आमच्या इमारतीत नेहमीच बातम्यांच्या आधी पसरते. त्यांनी आधी पडद्याकडे बघितलं, मग मौनीबाबांकडे आणि मग, सवयीने, माझ्याकडे. चष्मेवाल्याच्या वेळी बघितलं होतं ना, अगदी तसंच. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. लहान मुलं धरतात तसे.

"किती वेळ आहे?" साहेब.

"तेरा मिनिटं," निर्माती म्हणाली. "नंतर काळोख. तिकडे निवेदक नटूनथटून बसलेत, ते फक्त आम्हालाच दिसणार."

"काय करताय?" साहेबांनी मौनीबाबांना विचारलं.

"पेटारा बंद करून चालू करायला वरून परवानगी मागितलीय. दिवसा देत नाहीत, पण मागितलीय. दुसरा उपाय वहीत नाही."

"वहीत नाही म्हणजे नाहीच?"

मौनीबाबा माझ्याकडे वळले. सहा दिवसांत त्यांनी माझ्याकडे एकदाही वळून बघितलं नव्हतं, अट पाळायची म्हणून. "साहेब, मॅडमना एक प्रश्न विचारायला परवानगी द्या. हात लावू नका म्हणालात. उत्तर द्यायला हरकत नसावी."

"विचारा."

"मॅडम, वहीत नाही असं काही आहे का?"

एवढाच प्रश्न. त्याचं उत्तर एका शब्दाचं होतं, आणि दोन्हींपैकी कुठलाही शब्द मला नको होता. नाही म्हटलं तर काळोख पडणार, मौनीबाबांच्या कागदावर तोच शेरा, आणि मग मी सगळ्यांदेखत उठून कुलूप उघडणार, टाळ्या घेणार आणि घरी जाऊन सहा खोकी सोडणार. आहे म्हटलं तर चष्मेवाल्याचं प्रकरण बाहेर. मी मौनीबाबांच्या हातांकडे बघत होते. चष्मेवाल्याचे हात त्या दिवशी थरथरत होते. यांचे नव्हते. हा माणूस घाबरला नव्हता, फक्त उत्तराची वाट बघत होता. त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला. थोडं घाबरले असते तर मला कीव तरी करता आली असती.

पडद्यावर कलमाला माती लिंपून झाली होती.

"बाई?" साहेब म्हणाले.

"आहे," मी म्हटलं.

निर्मातीने श्वास सोडला. मौनीबाबांनी वही उघडून शेवटचं कोरं पान माझ्यापुढे धरलं आणि पेन दिलं.

"अहो, लिहीत कसल्या बसताय! उठा आणि करा!" साहेब ओरडले. "अट गेली खड्ड्यात!"

"लिहू द्या," मौनीबाबा म्हणाले. "दहा मिनिटं आहेत. मी करतो."

मी लिहिलं. संगणक लाइनला कुठे जोडायचा, शून्याच्या नावाचा निरोप कसा सुरू करायचा, कुठली चार अक्षरं. साडेचार ओळींचा मजकूर. चौदा वर्षं मी साडेचार ओळी उराशी धरून बसले होते. खाली तारीख घातली आणि सही केली. सही करताना जाणवलं की मी माझ्याविरुद्धच साक्ष देतेय, पण हात थांबला नाही.

मौनीबाबांनी दोनदा वाचलं, संगणक जोडला आणि सावकाश, एकेक अक्षर बघून टंकलं. पेटाऱ्यावरचा कुलपाचा लाल दिवा विझला. त्यांनी दुसऱ्या एका चालू पॅनेलवर स्टुडिओचं चित्र तयार ठेवलं आणि घड्याळाकडे बघत बसले. बरोबर चारला कलमवाले गृहस्थ गेले आणि निवेदक आले, इतके अलगद की घरी बघणाऱ्याला डोळ्याची पापणी लवल्याएवढंही कळलं नसेल. निर्माती हात जोडून पळाली.

साहेब मात्र खुर्ची ओढून वही वाचत बसले. ते मूळचे इंजिनियर, त्यांना पहिल्या ओळीतच कळलं असणार. तरी शेवटपर्यंत वाचलं.

"हे कधीपासून आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

"म्हणजे चष्मेवाल्याच्या वेळी पण होतं."

"होतं."

"तुम्ही दारात उभ्या होतात. मी शेजारीच होतो तुमच्या."

"हो."

"अकरा मिनिटं, बाई." त्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "तो माणूस माझ्यासमोर रडला होता. मी सही केली त्या शेऱ्यावर. माझी सही आहे."

मौनीबाबा पाठमोरे होऊन विनाकारण तारा नीट करत होते. मला वाटलं, त्यांना आधीपासूनच संशय असणार, आणि संध्याकाळी निघताना तसं विचारलंही. ते म्हणाले, "संशय नव्हता. मी प्रत्येकाला विचारतो. काही नसतं बहुतेक."

पाच वाजता साहेबांनी मला खोलीत बोलावलं. खणातला बदलीचा कागद त्यांनी बाहेर काढला होता, पण तो दुसऱ्या एका कागदाखाली होता. "वर कळवावं लागेल. चष्मेवाल्याचा शेरा पुसायचा तर कारण द्यावं लागणार, आणि कारण तुम्ही आहात. चौकशी लागेल. ती संपेपर्यंत गाव सोडता यायचं नाही, शनिवारी-रविवारीसुद्धा नाही. नियम आहे."

"किती दिवस?"

"मागची एक आठ महिने चालली होती."

"आणि स्विचर?"

"तो आता मौनीबाबा बघतील. तुम्हाला त्या खोलीत जायची गरज नाही." मग म्हणाले, "तो चालतोय, बाई."

हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. माझ्याशिवाय चालतोय, याच कागदासाठी मी सात दिवस हात दाबून बसले होते. आणि आता तो चालत होता आणि मी तिथेच होते, आणि तिथे माझी कुणाला गरज नव्हती. इतकं अडकल्यासारखं मला चौदा वर्षांत कधी वाटलं नव्हतं.

घरी येऊन मी खोक्यावर बसले आणि फोन लावला. मुलीनेच उचलला. तेरा वर्षांची आहे, हल्ली घरातले सगळे फोन तीच उचलते.

"झाला ना सातवा दिवस? कधी येतेयस? बाबा म्हणतोय आपण गाडी करून न्यायला जाऊ, खोकी बसमध्ये कशी आणणार ती?"

"मी येत नाहीये, पिल्लू. आत्ता नाही."

तिच्या त्या समजूतदार आवाजात, जो मला कधीच ऐकवत नाही, ती म्हणाली, "मशीन बिघडलं?"

सहा वर्षं हेच कारण होतं. वाढदिवसाला, स्नेहसंमेलनाला, तिला कांजिण्या आल्या तेव्हा. हो म्हटलं असतं तरी तिने ऐकून घेतलं असतं.

"नाही. मशीन चांगलं आहे. माझ्याशिवाय नीट चालतंय." मग मी तिला सांगितलं. शून्य, चष्मेवाला, अकरा मिनिटं, चौकशी. तेरा वर्षांच्या मुलीला कळेल अशा भाषेत सांगायला गेले आणि लक्षात आलं, यात न कळण्यासारखं काही नाहीच. "एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. तेव्हाच सांगितली असती, तर त्या माणसाने माझं काम घेतलं असतं आणि मी तुमच्याबरोबर आले असते."

"तेव्हा म्हणजे कधी?"

"बाबा आणि तू तिकडे गेलात ना, त्याच महिन्यात."

पलीकडे मागून नवऱ्याचा आवाज आला, कुणाचा फोन म्हणून विचारणारा.

"तेव्हा मी दुसरीत होते, आई," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "दुसरीत होतीस."